पास एक, डोंगर अनेक आणि शनिवारची रांग

फेब्रुवारीतला शनिवार होता. रात्रभर बर्फ पडला होता. पहाटे साडेपाचला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरजवळच्या लेकवुडहून निघालो तेव्हा सातपर्यंत स्कीइंगच्या डोंगरावर पोचू असं वाटलं होतं. फ्लॉइड हिलच्या चढावर पुढच्या गाड्यांच्या लाल दिव्यांची माळ दिसली आणि ती थेट आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत तुटली नाही. एरवी तास-सव्वा तासाच्या वाटेला साडेतीन तास लागले. मग लांबच्या पार्किंगमधून बसची रांग, बसमधून उतरल्यावर चेअरलिफ्टची रांग. उतारावर पहिल्यांदा घसरले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. दुपारी अडीचपर्यंत पाच फेऱ्या झाल्या.

पुण्याहून माझा मामेभाऊ आला होता. त्याने कधी स्कीइंग केलेलं नव्हतं, पण डोंगर बघायचा म्हणून सोबत निघाला. खिडकीवर एका दिवसाच्या तिकिटाचा भाव विचारला तर तो दोनशे डॉलरच्या पुढे. त्याने तिकीट काढलं नाही. मी मात्र स्कीइंगचा हंगामी पास दाखवून आत गेले आणि दिवसभर त्याची चुटपुट लागून राहिली.

संध्याकाळी त्याला या पासचा हिशोब सांगितला. मार्च-एप्रिलमध्ये पैसे भरायचे, डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद, आणि मग अख्खा हिवाळा पासवरच्या कितीतरी डोंगरांवर जायची मुभा. तो पटकन म्हणाला, "ताई, म्हणजे एसटीचं 'आवडेल तेथे प्रवास'च की!" तुलना बरोबर आहे. फक्त एसटीचा तो पास चार किंवा सात दिवसांत संपतो. हा महिनोन्‌महिने चालतो आणि गर्दीचं मूळ तिथेच आहे. पैसे केव्हाच गेलेले असतात, त्यामुळे पुढचा प्रत्येक दिवस फुकटचा वाटतो. ताजा बर्फ पडल्याचं कळलं की आमच्यासारखे सगळे एकाच सकाळी, एकाच रस्त्याने निघतात. मग किंमत मोजायची ती वेळेत.

स्कीइंगचे डोंगर चालवणाऱ्या व्हेल रिसॉर्ट्‌सने २००८ मध्ये एपिक पास आणला तो ५७९ डॉलरना. २०१८ मध्ये अल्टेरा कंपनीचा आयकॉन पास आला. २०२१ मध्ये एपिकचा भाव २० टक्क्यांनी उतरवून ७८३ डॉलरवर आणला गेला आणि त्या हंगामात कंपनीने २० लाखांहून जास्त पास विकले. कंपन्यांचं गणित सरळ आहे. बर्फ पडो न पडो, पैसे आधीच हातात येतात. एका दिवसाचं तिकीट मुद्दाम महाग ठेवलं की माणूस आपोआप पासकडे वळतो. पुढे व्हेलने रोजच्या तिकिटांच्या संख्येवर मर्यादा घातली, पण ती तिकिटांवर. पासवाल्यांना त्या दिवशी कोणी अडवत नाही.

पासच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पाच-सहा दिवसांत पैसे वसूल होतात, आणि तो नसता तर मी वर्षातून दोनदाही डोंगरावर गेले नसते. पण नवशिक्याला, पाहुण्याला दार बंद करून मिळणारी ही स्वस्ताई मला सलते.

अरॅपाहो बेसिन या स्कीइंगच्या डोंगराची गोष्ट मला म्हणूनच फार मोलाची वाटते. दोन दशकांहून जास्त काळ ते व्हेलच्या पासवर होतं. गाड्या उभ्या करायला जागा पुरेना, तेव्हा २०१९ मध्ये त्यांनी ते नातं तोडलं. पुढच्या हंगामात ते आयकॉनवर आले, पण मोजक्याच दिवसांसाठी, आणि नंतर स्वतःचे पासही मर्यादित विकले. आता ते अल्टेराच्याच मालकीचं आहे. तरी एका डोंगराने गिऱ्हाईक कमी करायचं ठरवलं, हे या धंद्यात नवल होतं.

त्या शनिवारनंतरचे दिवस वेगळे आखले. अरॅपाहो बेसिनला रविवारी स्नोस्टँग बसने गेले. राज्याच्या वाहतूक खात्याची ही बस डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून आणि लेकवुडच्या फेडरल सेंटरवरून सुटते, जाऊन-येऊन २५ डॉलर. तिकडे शनिवार-रविवारी पार्किंग आधी आरक्षित करावं लागतं, ती कटकट वाचते. रस्ता तुंबतोच, पण तुंबलेल्या रस्त्यावर आपण झोपलेले असतो.

मामेभावाला मंगळवारी लव्हलँडला नेलं. आयझेनहॉवर बोगद्याच्या अगदी तोंडाशी असलेली ही जागा ना एपिकवर आहे ना आयकॉनवर. पार्किंग फुकट, नवशिक्यांसाठी लव्हलँड व्हॅली हा वेगळा भाग. दुपारपर्यंत तो न पडता वळायला शिकला होता. भारतातून येणाऱ्यांनी एवढं पाळा: पायथाच ३,२०० मीटरच्या वर आहे, तेव्हा आधी दोन दिवस डेन्व्हरला काढा, भरपूर पाणी प्या, डोकं ठणकायला लागलं तर खाली उतरा. गाडी भाड्याची असेल तर टायर तपासून घ्या. डोंगराकडे जाणाऱ्या महामार्गाच्या मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबरपासून ३१ मेपर्यंत बर्फाला योग्य टायर किंवा साखळ्या लागतात.

पास घेणार असाल तर आधी वर्जित दिवस बघा. स्वस्त पासवर नाताळचा आठवडा आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या लांब सुट्ट्यांतले दिवस बहुधा चालत नाहीत. चालत असले तरी ते टाळा. लिफ्टवर एकट्यांसाठी वेगळी रांग असते, सोबत्यापासून दहा मिनिटं दूर राहायची तयारी असेल तर तिथे उभे राहा. आणि पाहुणा येणार असेल तर पासवर मित्रांसाठी सवलतीची तिकिटं मिळतात का ते आधी तपासा. मी तपासलं नव्हतं.

सगळ्यात आनंदाचा दिवस शुक्रवारचा. युनियन स्टेशनवरून सकाळी सातला विंटर पार्क या स्कीइंगच्या डोंगराकडे जाणारी रेल्वे, विंटर पार्क एक्स्प्रेस, सुटते. त्या हंगामात ती गुरुवार ते सोमवार धावली, भाडं १९ डॉलरपासून. ही गाडी १९२८ मध्ये खुल्या झालेल्या, दहा किलोमीटर लांबीच्या मॉफट बोगद्यातून जाते. अंधार संपतो आणि खिडकीत एकदम डोंगर उभा राहतो. फलाटावरून लिफ्ट चालत दोन-चार मिनिटांवर. नऊच्या थोडं पुढे पोचले, साडेनऊला उतारावर होते, आणि रांग अशी लागलीच नाही. दुपारपर्यंत अकरा फेऱ्या झाल्या, पास तोच. परतीची गाडी लिफ्ट बंद झाल्यावर अर्ध्या तासाने निघते, तेव्हा भाड्याचे बूट चारच्या आत परत करा आणि तिकीट दोन्ही बाजूंचं एकदमच काढून ठेवा.