कुठली बॅटरी, ते विचारायचं राहिलं

सप्टेंबरमधली गोष्ट. आता थंडी पडली, हंगाम संपला, पण ती दुपार डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मी मूळची साताऱ्याची. सहा वर्षं झाली, स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनच्या जवळ राहते आणि फोटो-व्हिडिओची कामं करते. त्यातली निम्मी कामं भारतातून येणाऱ्या जोडप्यांची असतात. ड्रोनवाली म्हटलं की लोकांना वाटतं, दिवसभर आकाशात काहीतरी उडवत असणार. प्रत्यक्षात उडवणं वीस मिनिटांचं असतं. आदल्या रात्री सरकारी ड्रोन-नकाशा उघडून बसायचं, कुठे विमानतळ, कुठे शिकारबंदीचं रान, कुठे वस्ती ते बघायचं आणि उद्याची जागा ठरवायची, काम खरं ते.

लाउटरब्रुनेनमध्ये मी ड्रोन काढतच नाही. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे चिंचोळी दरी, गावाला लागून जवळजवळ तीनशे मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा. आलेल्या प्रत्येकाला तो वरून हवा असतो. पण गावाच्या पुढे हेलिपोर्ट आहे. डोंगरातला जखमी माणूस उचलायला, वरच्या झोपड्यांना सामान पोचवायला तिथून हेलिकॉप्टर सारखी ये-जा करतात. शिवाय पॅराग्लायडर, आणि कड्यावरून उड्या मारणारे बेस जम्पर. ते जम्परसुद्धा उडी मारण्याआधी हेलिपोर्टला फोन करतात. आपण खाली उभं राहून रील काढणाऱ्यांनी त्या हवेवर हक्क सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नियमही तेच सांगतो: ड्रोन २५० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर अशा तळाच्या ५ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचा नाही. माझा ड्रोन ७२० ग्रॅमचा. मी हंगामात परवानगी मागायलाही जात नाही.

नाशिकचं जोडपं होतं. बरोबर नवऱ्या मुलाची बहीण आणि नवरीचा मामेभाऊ. तो न्यू जर्सीहून थेट आला होता आणि इथून साखरपुड्याला नाशिकला जाणार होता. त्याने स्वतःचा ड्रोन आणला होता, मिनी ४ प्रो. मुलगा बेफिकीर अजिबात नव्हता. दोन आठवडे आधी मी सगळ्यांना मेसेज केला होता की इथे वजन कितीही कमी असो, कॅमेरा असला की उडवणाऱ्याची नोंदणी करावी लागते. अमेरिकेत हौशी माणसाला अडीचशे ग्रॅमच्या आत नोंदणी लागत नाही, त्यामुळे तिकडून येणारे इथे हमखास चुकतात. याने मात्र नोंदणी केली होती, नंबर छापून ड्रोनच्या पोटावर चिकटवलाही होता. बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांना चिकटपट्टी लावून. असं वागणारे मला दहात एक भेटतात. बाकीचे येतात, उडवतात, परत जातात, आणि इथल्या लोकांच्या नजरा आम्हाला झेलाव्या लागतात.

आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत बसून मी बेत सांगितला. लाउटरब्रुनेनला जमिनीवरचं शूट, पैठणी नेसून, धबधब्याच्या पायथ्याशी. ड्रोन परवा, थुन तलावाच्या वरच्या बाजूला. तेव्हा त्याने विचारलं, "पण ताई, माझा २४९ ग्रॅमचा आहे. मला ती पाच किलोमीटरची अट लागते का?"

"नाही लागत," मी म्हणाले. "पण हेलिकॉप्टर दिसलं की लगेच खाली घ्यायचा. आणि माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही."

मी जे सांगितलं ते बरोबरच होतं. पण पुढचा अर्धा तास मी त्याला दुसऱ्याच गोष्टीवर धारेवर धरलं. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातला तयार ड्रोन भारतात आणायला बंदी आहे, मुंबईला कस्टम्समध्ये तो जाहीर करावा लागेल, हातचा जाण्याची शक्यता आहे, तर इथेच कोणाकडे तरी ठेवून जा. त्याने ते मान्य केलं. मला बरं वाटलं, आपण कसं सगळं बघतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मी धबधब्याखाली पदर सावरण्याचा शॉट घेत होते. तुषार लेन्सवर येत होते, दर मिनिटाला पुसावी लागत होती. मामेभाऊ मागच्या कुरणाच्या कडेला, माणसांपासून लांब उभा राहून उडवत होता. साठेक मीटर उंचीवर. एकदा मान वर करून मी पाहिलंही, आणि नीट चाललंय म्हणून परत कामाला लागले.

मग हेलिकॉप्टरचा आवाज आला. त्या दरीत आवाज दोन्ही कड्यांवर आपटतो. खालून येतोय की वरून, जवळ आहे की लांब, काही कळत नाही. मुलगा गोंधळला आणि त्याने कोणीही करेल तेच केलं, परत बोलावण्याचं बटण दाबून धरलं.

इथेच सगळी मेख आहे. परतीची उंची आधी ठरवून ठेवलेली असली की ते बटण दाबल्यावर ड्रोन आधी त्या उंचीवर चढतो आणि मग घरी येतो. झाडं, इमारती आडव्या येऊ नयेत म्हणून केलेली सोय आहे ती. याची उंची होती १२० मीटर. म्हणजे हेलिकॉप्टर येत असताना त्याचा ड्रोन साठवरून एकशेवीसकडे निघाला होता. "ताई, हा वर का जातोय?" एवढंच तो म्हणाला.

मी कॅमेरा तसाच गवतावर टाकला आणि पळाले. त्याच्या हातून रिमोट घेतला. तेच बटण एकदा हलकं दाबलं की परतीचा हुकूम रद्द होतो आणि ड्रोन जागेवर थांबतो. तसं केलं, मग डावी कांडी पूर्ण खाली. खाली उतरताना तो फार सावकाश वाटतो. पडद्यावर आकडे उतरत होते, ९४, ८८, ८१. धबधब्याजवळची हवा त्याला हलवत होती, आणि मी मान वर करून हेलिकॉप्टर शोधत होते. ते काही दिसेना. नुसता आवाज. ड्रोन गवताला टेकला, मोटारी थांबल्या आणि मग दरीच्या पुढच्या अंगाने लाल हेलिकॉप्टर वर चढलं आणि कड्यापलीकडे गेलं.

मी हेलिपोर्टला फोन केला. म्हटलं, ड्रोन आमचा होता, खाली आहे. "आम्ही पाहिला," पलीकडचा माणूस म्हणाला आणि आभार मानून त्याने फोन ठेवला.

अर्ध्या तासाने तिथला एक जण गाडी घेऊन आला. पन्नाशीचा, हातमोजे खिशात खोचलेले. आवाज चढवला नाही. नोंदणीचा नंबर बघितला, मान हलवली. मुलाने सांगितलं, २४९ ग्रॅम आहे. त्याने ड्रोन तळहातावर घेतला, एकदा वरखाली तोलला आणि म्हणाला, "ही मोठी बॅटरी आहे."

माझ्या बॅगेत टपालाचा छोटा काटा असतो. त्यावर ड्रोन ठेवला. २९२.

या ड्रोनला दोन प्रकारच्या बॅटऱ्या बसतात. साध्या बॅटरीवर तो २४९ च्या आत राहतो. मोठी घातली की दहा-बारा मिनिटं जास्त उडतो आणि चाळीसेक ग्रॅमनी जड होतो. ती बॅटरी अमेरिकेत सर्रास मिळते, युरोपात कंपनी विकत नाही, त्यामुळे मी ती वापरलेली नाही आणि म्हणून ती माझ्या डोक्यातही आली नाही. खोक्यावर २४९ लिहिलेलं असतं, मुलाने ते खरं मानलं. बॅटरी बदलली आणि तो दुसऱ्याच रकान्यात गेला: परीक्षा हवी, १० लाख फ्रँकचा विमा हवा, वस्तीपासून अंतर हवं, हेलिपोर्टची परवानगी हवी. यातलं काहीच त्याच्याकडे नव्हतं. नियम काटेकोर आहेत आणि मला ते पटतात. पण नियम वजनावर बांधायचे आणि तेच वजन एका खटक्यात बदलता येईल असं यंत्र विकायचं, यात नवखा माणूस फसतो आणि सगळा दोष त्याच्याच माथी येतो, याचा मला खरोखर राग येतो.

त्या माणसाने तक्रार केली नाही. निघताना एवढंच सांगितलं, "पंखा सुरू करून आम्ही थांबलो होतो, तुमचा खाली येईपर्यंत." कोणासाठी निघाले होते ते मी विचारलं. ते सांगता येत नाही, म्हणाला.

नवऱ्या मुलाच्या बहिणीने संध्याकाळी मला समजावलं, "ताई, तुम्ही होतात म्हणून वाचलं सगळं." मला तसं वाटत नाही. मी होते म्हणूनच तो निर्धास्तपणे उडवत होता. इथली जाणकार बाई 'नाही लागत' म्हणाली होती. मामेभाऊ रात्री जेवला नाही. मी त्याला म्हटलं, "चूक तुझी एकट्याची नाही रे." त्याने ड्रोन माझ्याकडेच ठेवला. अजून माझ्या कपाटात आहे, मोठी बॅटरी बाहेर काढून.

त्याने काढलेली क्लिप त्या पैठणीवाल्या फिल्ममध्ये घातली नाही, पण पुसलीही नाही. माझ्या हार्ड डिस्कवर आहे. मी रिमोट हातात घेतला तेव्हा कॅमेरा दरीच्या पुढच्या बाजूला वळलेला होता, रेकॉर्डिंग चालू होतं. मोठ्या पडद्यावर चित्र वाढवून पाहिलं की उजव्या कोपऱ्यात हेलिपोर्टचं काँक्रीट दिसतं. त्यावर लाल ठिपका, ठिपक्यावर फिरत्या पंख्याची धूसर चकती. ड्रोन झाडांच्या शेंड्यांखाली उतरेपर्यंत ती दिसत राहते. मी घड्याळ लावून मोजलं, एकेचाळीस सेकंद. एकेचाळीस सेकंद पंखा फिरतोय आणि हेलिकॉप्टर जागेवरच आहे.