चौकटीत मावलेलं नाव

सी भाषेत मजकूर एका जागेतून दुसरीकडे उतरवणाऱ्या स्ट्रएनकॉपी या फंक्शनने जेवढ्या शिव्या खाल्ल्या, तेवढ्या जागा किती ते न बघता उतरवत सुटणाऱ्या बेलगाम स्ट्रकॉपीनेही खाल्ल्या नसतील. दोष फंक्शनचा कमी, तिची ओळख करून देणाऱ्या मॅन्युअलचा जास्त. ‘स्ट्रकॉपीसारखीच, पण जास्तीत जास्त एन बाइट उतरवते’ असं वाचलं की कुणीही तिला सुरक्षित स्ट्रकॉपी समजणारच.

ती मुळात स्ट्रिंग, म्हणजे सीमधला शून्य बाइटने संपणारा मजकूर, बनवायला नव्हतीच. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली नोंद १६ बाइटची असे: २ बाइट आयनोडचा (फाइलच्या माहितीच्या नोंदीचा) क्रमांक, १४ बाइट फाइलचं नाव. बँकेच्या फॉर्मवर नावासाठी चौकोन आखलेले असतात ना, तसलं हे प्रकरण. नाव लहान असलं तर उरलेल्या चौकोनांत शून्यं भरायची. बरोबर १४ अक्षरी असलं तर शेवटच्या शून्याची गरजच नाही, कारण चौकोन किती ते आधीच ठरलेलं. एवढंच काम ती करते, आणि चोख करते.

आता आठ बाइटच्या बफरमध्ये (मजकुरासाठी राखलेल्या मेमरीत) रोमन लिपीतलं ‘सह्याद्री’ टाका. एस, ए, एच, वाय, ए, डी, आर, आय. आठही घरं भरली, शून्य बाहेरच राहिलं. हा बफर लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनला दिला की ती शून्य सापडेपर्यंत शेजारची मेमरी वाचत सुटते. कधी लांबी भलतीच येते, कधी प्रोग्रॅम आडवा होतो, तर कधी पुढचाच बाइट नेमका शून्य निघतो. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण चाचणी पास होते! उलट ४०९६ बाइटच्या बफरमध्ये पाच अक्षरं उतरवा. ती इमानेइतबारे ४०९१ शून्यं लिहीत बसते.

शेवटच्या घरात हाताने शून्य ठेवायचा तोडगा सगळ्यांना माहीत आहे. त्याने वाचन थांबतं, पण नाव कापलं गेल्याचं कळत नाही, कारण स्ट्रएनकॉपी परत देते तो नुसता बफरचा पत्ता. ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमने १९९८ मध्ये आणलेली स्ट्रएलकॉपी (लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीत यायला २०२३ उजाडलं) शेवटी शून्यही ठेवते आणि मूळ स्ट्रिंगची लांबीही सांगते. ती लांबी बफरच्या आकाराएवढी किंवा जास्त आली की समजावं, कात्री लागली. मात्र लांबी मोजायला ती मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचते. १४ बाइटचं ते जुनं नाव तिच्या हाती दिलंत, तर पुन्हा तीच रडकथा.

लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये आता स्ट्रिंग आणि शून्यांनी भरलेली चौकट यांचा फरक सांगणारं वेगळं पान आहे, हे उत्तम झालं. आकार बाइटमध्ये मोजायचा, अक्षरांत नव्हे, हे मात्र प्रत्येक पानावर ठळक हवं. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा, प्रत्येकी ३ असे १२ बाइट. स्ट्रएलकॉपी वापरली, तर आठच्या बफरमध्ये ‘पु’ आणि ण-चा एक तुकडा उतरतो. पडद्यावर कचरा दिसतो, निदान शंका तरी येते. दहाच्या बफरमध्ये बाइट अगदी नीट तुटतात आणि शहराचं नाव ‘पुण’ होतं. तिथे परत आलेला १२ हा आकडा तपासला, तरच चूक सापडते.