बिनसाखरेचा चहा

"डॉक्टर, आईला लकवा मारला," असं म्हणतच मुलानं मावशींना रिक्षातून उचलून आत आणलं. आषाढी एकादशी, संध्याकाळचे साडेसहा. उजवा हात लुळा, बोलणं बरळल्यासारखं, अंग घामानं निथळतंय. मी सीटी स्कॅनसाठी फोन उचलला होता. सिस्टरनं मला न विचारताच मावशींच्या बोटाला सुई टोचली. "सर, शुगर २९."

तो घाम बघून मला कळायला हवं होतं. शुगर फार उतरली की कधीकधी हुबेहूब लकव्यासारखंच दिसतं, हे मला पुस्तकातून माहीत, सिस्टरला हातानं. तिचा पगार मात्र विचारू नका.

आयुष्यभर विड्या वळलेल्या त्या हातात शीर सापडेना. २५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं दाट पाणी, शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं, म्हणून सुई नीट बसल्याशिवाय मी ते सोडत नाही. १०० मिली सावकाश गेलं आणि मावशींनी डोळे उघडले. "गॅस बंद केला का रे?" उजव्या हातानं पदर सारखा केला.

घरी गुंगीत असतानाच त्यांच्या तोंडात साखरपाणी ओतलं होतं. नशीब, ठसक्यावरच निभावलं. शुद्धीत असत्या तर तेच बरोबर होतं: तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. गिळता येत नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही.

पिशवीत गोळ्यांची दोन पाकिटं निघाली. नावं वेगळी, आत दोन्हीकडे ग्लिमेपिराइडच, शुगर उतरवणारं औषध. एक गल्लीतल्या डॉक्टरांचं, दुसरं शिबिरातलं. आधीचं पाकीट बघायला कुणाला वेळ असतो? सकाळी दोन्ही गोळ्या घेतल्या आणि दिवसभर नुसता चहा. डायबेटिस म्हणून तोही बिनसाखरेचा! साबुदाणा वर्ज्य, कारण शिबिरात कुणीतरी तसं सांगितलेलं.

दूध-केळं खाऊन तासाभरानं शुगर १४८. "नेऊ का घरी? उद्या द्वादशी सोडायचीय." रात्रभर ठेवा, असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा डिस्चार्जवर सही केली.

ग्लिमेपिराइडचा जोर दिवसभर टिकतो, किडनी थकलेली असेल तर त्याहून जास्त. त्यात आपण दिलेली साखर बघून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, म्हणून चढलेली शुगर पुन्हा कोसळते. इंटर्नना हे मीच शिकवतो. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट नऊला आला, २.१. किडनी थकलेलीच होती. मुलाला फोन लावला, लागला नाही. मी पुढचा पेशंट घेतला.

पहाटे साडेतीनला तीच रिक्षा. शुगर ३४.

या वेळी १० टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन, दर तासाला शुगर, दोन दिवस मुक्काम. दोन्ही पाकिटं बंद केली. मावशी चालत घरी गेल्या. जाताना मुलगा म्हणाला, "डॉक्टर, उपवासाला गोळीचं काय करायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं." तो शिबिराबद्दल बोलत होता. पण त्या संध्याकाळी मीही सांगितलं नव्हतं. केस पेपरवर १४८ च्या शेजारी माझी सही आहे, वेळ ७.५०.