येलदरीच्या पाण्यात कोणती फ्लाय चालली, माझा अनुभव

मी जिंतूरचा, लहानपणापासून गळाला कणीक नाहीतर गांडूळ लावून मासे धरलेत, फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा (फ्लाय) टाकून मासे धरायचा नाद मात्र गेल्या वर्षी लागला. ५ वेटचा (वेट म्हणजे दोरीच्या वजनाचा नंबर) रॉड ऑनलाइन मागवला, सोबत ४० फ्लायचा डबा. त्यातल्या निम्म्याच्या वर ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, हिमाचल-काश्मीरच्या थंड वाहत्या पाण्यातल्या ट्राऊट माशासाठीच्या. आपल्याकडं कोमट, थांबलेलं पाणी अन् चिलापी, मरळ, रोहू. मच्छीमार सोसायटीवाल्यांना विचारून तीन रविवार येलदरी धरणाच्या काठावर उभा राहिलो, एकबी लागला नाही.

चौथ्या रविवारी जाळं आवरत बसलेले एक भोई मामा म्हणले, "बाबा, मासा काय खातोय ते तर बघ आधी," अन् काठाचा एक दगड उलटा केला. खाली चतुराची पिल्लं! मातकट-हिरवी, चपटी, करंगळीच्या नखाएवढी, पाण्यात सोडली की मागनं पाणी फेकत झटका देऊन पुढं पळायची. डब्यात तसलीच एक होती, हिरवट वुली बगर, मऊ पिसाची शेपटी अन् डोक्याला पितळी मणी, म्हणजे बुडणारी. नंबर १०. (नंबर जेवढा मोठा तेवढा गळ बारीक, हे लक्षात ठेवा, माझी एक ऑर्डर ह्याच्यातच चुकली.) टाकली, दहा आकडे मोजून खाली जाऊ दिली, मग त्या पिल्लासारखी चार-चार बोटं दोरी ओढत राहिलो अन् पाचव्या की सहाव्या ओढीला दोरी बोटातनं सटकली. तळहाताएवढी चिलापी, पाठीचे काटे हाताला टोचले पण आनंद लई झाला.

आता मी नवीन माणसाला एवढंच घ्यायला सांगतो: हिरवट अन् काळी वुली बगर नंबर ८ ते १०, दोन-चार बारीक निम्फ (पाण्यातल्या किड्यांच्या पिल्लासारख्या बुडणाऱ्या फ्लाय) नंबर १२ ते १४, अन् मरळीसाठी फोमचा बेडकासारखा पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, गवतात अडकू नये म्हणून पुढं तार असलेला. मरळीला दात असतात, तिथं लीडर, म्हणजे दोरी अन् फ्लायच्या मधला धागा, जाड लागतो. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकायचा, मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही.

पावसाळ्यात बेशरमीच्या झुडपांच्या कडेला मरळीच्या पिल्लांचा लाल झुबका वर येतो, खाली आईबाप राखण करत असतात अन् काहीही टाकलं तरी अंगावर येतात. तिथं मी फ्लाय टाकत नाही, दोरी गुंडाळून पुढच्या वळणाला जातो.