आमची वाटचाल : पहिला नंबर ते सर्चबॉक्स

आमच्या पहिल्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ होती : 'तुमची वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देऊ.' साल २००९. आम्ही दोघी मैत्रिणी, दोन कॉम्प्युटर आणि भाड्याची एक खोली. ती ओळ वाचणाऱ्याला लगेच कळायची, त्यामुळे कामं मिळत गेली.

त्या काळी गूगलच्या टूलबारमध्ये पेजरँकची हिरवी पट्टी दिसायची. पेजरँक म्हणजे एखाद्या पानाकडे इतर पानांवरून येणाऱ्या लिंक्सवरून गूगलनं काढलेलं त्या पानाचं महत्त्व. ० ते १० असा आकडा. आम्ही ग्राहकाला दर महिन्याला अहवाल पाठवायचो, त्यात तो आकडा अंगातल्या तापासारखा टिपलेला असायचा. गेल्या महिन्यात ३, या महिन्यात ४. हे मोजमाप आहे, याबद्दल आम्हा दोघींच्या मनात तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

मग एक दिवस औजारं विकणाऱ्या एका ग्राहकाचा सकाळी सातला फोन आला. त्यांची वेबसाइट एका रात्रीत पहिल्या पानावरून पार सहाव्या पानावर गेली होती. "मॅडम, साइट तीच, माल तोच. कालपर्यंत वर होतो ना? मग मोजणाऱ्यानं चूक केली असेल तर तक्रार कुणाकडे करायची?" चूक आमची होती. आम्ही त्यांच्यासाठी विकतच्या लिंक्स लावल्या होत्या आणि सर्च इंजिनाचे नियम कडक झाल्यावर त्या अंगाशी आल्या. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आणि पैसे परत केले. त्यांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. तराजू खोटा असला तर प्रमाणित वजन टाकून तो पकडता येतो. वेबसाइटचा 'खरा' नंबर सांगणारं असं प्रमाणित वजन कुठं असतं?

त्या प्रश्नापायी आम्ही जे वाचत गेलो, त्यातूनच पुढं आमचा धंदा बदलला. अमेरिकेत सर्चकिंग नावाच्या कंपनीनं २००२ साली गूगलवर दावा लावला होता. पेजरँकचा आकडा पाहून जाहिरातींच्या जागा विकायच्या, असा तिचा व्यवसाय होता. तिचा स्वतःचाच पेजरँक ८ वरून ४ वर आला. ओक्लाहोमातल्या फेडरल कोर्टानं २००३ साली दावा फेटाळला. गणिती प्रक्रिया वस्तुनिष्ठ असेल, पण तिच्यातून निघणारा आकडा म्हणजे एखाद्या साइटच्या महत्त्वाबद्दलचं मत आहे, ते खोटं ठरवायला काही मार्गच नाही, आणि मताला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं कोर्टाचं म्हणणं. कोर्टानं आधार घेतला होता तो कर्जरोख्यांना पतमानांकन देणाऱ्या कंपनीच्या खटल्याचा.

मला खरा धक्का बसला तो पुढचं वाचून. तीच गूगल तेव्हा स्वतःच्या माहितीपानावर लिहीत होती, की पेजरँक हे पानांच्या महत्त्वाचं वस्तुनिष्ठ मोजमाप आहे, त्यासाठी ५० कोटींहून जास्त चलांचं समीकरण सोडवलं जातं. किंडरस्टार्ट नावाच्या साइटनं नंतरच्या खटल्यात नेमकं या वाक्यावर बोट ठेवलं, तरी २००७ मध्ये तोही दावा फेटाळला गेला. म्हणजे लोकांसमोर मोजमाप आणि कोर्टात मत. मला हे आजही पटत नाही. मत असेल तर ते मत म्हणूनच लोकांपुढं यायला हवं.

गंमत नव्हे, पण पेजरँकच्या मूळ लेखाच्या सुरुवातीलाच, १९९८ साली, त्याच्या कर्त्यांनी मान्य केलं होतं की पानाचं महत्त्व ही मुळात व्यक्तिसापेक्ष गोष्ट आहे. तरीही पानांच्या सापेक्ष महत्त्वाबद्दल वस्तुनिष्ठपणे बरंच सांगता येतं. हे मला फार प्रामाणिक वाटतं. त्या सूत्रात ०.८५ हा आकडा येतो. एक काल्पनिक माणूस पानापानांवरून भटकतोय. ८५ टक्के वेळा तो समोरची एखादी लिंक धरतो आणि १५ टक्के वेळा कंटाळून भलतीकडेच उडी मारतो. कोणत्या पानाला किती लिंक्स, हे मोजता येतं. पण ०.८५ च का? कुणीतरी विचार करून तो निवडला. तो बदलला की पानं वरखाली होऊ शकतात. मोजणं कुठं संपतं आणि ठरवणं कुठं सुरू होतं, ते या एका आकड्यात आम्हाला दिसलं.

'पहिल्या पानावर आणून देऊ' ही ओळ आम्ही काढून टाकली. दुसऱ्याच्या मतावर आपण हमी कशी देणार? निम्मे ग्राहक गेले. ते दीड वर्ष कठीण होतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्याच सुमारास एका ग्रंथालयानं विचारलं, "आमच्या मराठी पुस्तकांच्या सूचीत शोध नीट लागत नाही, बघाल का?" तिथून आम्ही सर्चबॉक्स बांधायला लागलो आणि क्रम लावण्याची जबाबदारी आमच्याच अंगावर आली.

पहिल्याच आठवड्यात 'कर' या शब्दानं आमची परीक्षा पाहिली. कराबद्दलची पुस्तकं हवी होती आणि यादीत वर येत होतं भलतंच. शब्दांचे प्रत्यय काढून मूळ शोधणारा जो प्रोग्राम आम्ही लावला होता, तो 'करणे', 'करून', 'करतात' या सगळ्यांचं मूळ 'कर' असंच काढत होता. मग 'कर' जवळजवळ प्रत्येक नोंदीत सापडायला लागला. आणि जो शब्द सगळीकडे असतो त्याला शोधात किंमत उरत नाही; ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेलं दुर्मीळतेचं हे तत्त्व आजही बहुतेक सर्च इंजिनांच्या मुळाशी आहे. गणित अचूक होतं. पण 'कराचा' आणि 'करायचा' हे एका घरातले शब्द की दोन, हे गणिताला कोण सांगणार? आम्ही व्याकरणाच्या जाणकार बाईंना बसवून अपवादांची यादी केली. 'करा' या रूपापाशी त्या तासभर अडल्या, कारण ती आज्ञाही आहे आणि 'करा-वर' मधला करही. शेवटी त्यांनी एक बाजू निवडली. पुढचे सगळे आकडे त्या निवडीवर उभे आहेत.

मग आम्ही दोघींनी निकालांना ० ते ३ गुण द्यायचं ठरवलं, एकमेकींचे कागद न बघता. 'कर' या शोधाला शेतसाऱ्याच्या इतिहासाचं एक पुस्तक आलं. मी ३ दिले, भागीदारीणबाईंनी १. तिच्या डोळ्यांसमोर कर भरायला निघालेला माणूस होता, माझ्यासमोर इतिहासाची विद्यार्थिनी. वाद संध्याकाळपर्यंत चालला.

आम्हाला वाटलं, हे आमचंच कच्चेपण. तसं नव्हतं. अमेरिकेतली निस्ट ही मापन-मानकांची संस्था १९९२ पासून ट्रेक नावाच्या चाचण्या घेते, त्यात माणसं बसून निकाल प्रस्तुत (म्हणजे शोधाला धरून) की अप्रस्तुत ते ठरवतात. निस्टच्याच एलन व्होरहीस यांनी १९९८ मध्ये तपासलं, तेव्हा दोन तज्ज्ञांपैकी कुणीही प्रस्तुत म्हटलेल्या सगळ्या दस्तऐवजांपैकी निम्म्याहून कमींवरच दोघांचं एकमत होतं. पण त्याच अभ्यासात दिसलं की तज्ज्ञ बदलले तरी कोणती शोधप्रणाली चांगली आणि कोणती वाईट, हा क्रम फारसा हलत नाही. माझा मोठा आधार हाच. मत आहे म्हणून काहीही चालतं असं नाही. मतसुद्धा विचारपूर्वक किंवा बेफिकिरीनं दिलेलं असतं, आणि त्यातला फरक दाखवता येतो.

मत म्हटलं की सगळं माफ, असंही नाही. युरोपीय आयोगानं जून २०१७ मध्ये गूगलला २.४२ अब्ज युरो दंड केला, तो स्वतःची खरेदी-तुलना सेवा ठळक दाखवून प्रतिस्पर्ध्यांना खाली ढकलल्याबद्दल. २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. तो निकाल आला तेव्हा आमच्याकडे एका प्रकाशन संस्थेचं काम चालू होतं. त्यांना आपली पुस्तकं शोधात वर हवी होती. आम्ही म्हटलं, वेगळ्या चौकटीत 'आमची प्रकाशनं' असं लिहून दाखवा, मुख्य यादीत हात घालणार नाही. दोन बैठका झाल्या, ते तयार झाले.

आता आमच्या प्रत्येक सर्चबॉक्सखाली 'हा क्रम कसा लागतो' असं एक पान असतं. शीर्षकात शब्द असला तर तिप्पट वजन, विषयात असला तर दुप्पट, कोणते अपवाद, गुण कुणी दिले, सगळं त्यात लिहितो. मागं एका ज्येष्ठ लेखकांचा त्या ग्रंथालयाकडून नंबर घेऊन मला फोन आला होता. "बाई, चाळीस वर्षं करव्यवस्थेवर लिहिलं, तुमच्या यंत्रानं मला अकराव्या नंबरला टाकलं." पूर्वी मी 'अल्गोरिदमचा निर्णय आहे, सर' म्हणून सुटले असते. या वेळी म्हणाले, "सर, यंत्रानं नाही, आम्ही टाकलं. कसं ते सांगते." पान उघडून एकेक वजन त्यांना वाचून दाखवलं. तेव्हा सापडलं, की त्यांच्या पुस्तकाच्या नोंदीत विषयाचा रकानाच रिकामा होता. ग्रंथपालांनी तो भरला. आता 'कर' शोधलं की ते पुस्तक दुसरं येतं. पहिलं शेतसाऱ्याचं यावं की नाही, यावर आम्हा दोघींचं अजून एकमत नाही; त्या पानावर दोघींचेही गुण आणि त्यामागची कारणं छापलेली आहेत.