वरच्या मजल्यावर ल्यूट, खालच्या मजल्यावर तलवार

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, म्हणजे इथल्या लोकांच्या 'मेट'मध्ये, युरोपातली जुनी चित्रं दुसऱ्या मजल्यावर आहेत. जुनी वाद्यंही त्याच मजल्यावर. तलवारी आणि चिलखतं खाली, आपल्या हिशेबाने तळमजल्यावर. संग्रहालयाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, पण 1600च्या आसपासच्या रोममध्ये ल्यूटच्या, म्हणजे फुगीर पाठीच्या जुन्या युरोपीय तंतुवाद्याच्या, तारा छेडणारा हात आणि तलवारीच्या मुठीवरचा हात कितीदा तरी एकाच माणसाचा असायचा. त्या माणसाला पुन्हा एकत्र बघायचं तर मेटमध्ये जिने चढा-उतरावे लागतात. या खेपेला मी तेच केलं.

सोबतीला भाची होती. न्यू जर्सीतल्या शाळांमध्ये फेन्सिंगचं, म्हणजे तलवारबाजीच्या खेळाचं, बरंच प्रस्थ आहे आणि ही शाळेच्या संघातून एपे (त्यातली एक तलवार) खेळते, त्यामुळे चित्रं बघायला नाही तरी तलवारी बघायला ती लगेच तयार झाली. एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन, पुढे मॅडिसन ॲव्हेन्यूवरून वर जाणारी बस. शुक्रवार आणि शनिवारी मेट रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणून शुक्रवार गाठला. बुधवारी जाऊ नका, बंद असतं.

आधी इटालियन चित्रकार काराव्हाज्जो. त्याचं 'म्युझिशियन्स' हे चित्र साधारण 1597चं, रुंदी सव्वा मीटरही नाही, आणि तेवढ्यात चार पोरं अगदी दाटीवाटीने बसवलेली. मधल्याच्या हातात ल्यूट, डोळे पाणावल्यासारखे. एक जण आपल्याकडे पाठ करून स्वरलिपी वाचतोय. मागून डोकावणारा चेहरा खुद्द चित्रकाराचा मानतात. डावीकडे पंख असलेला मदन द्राक्षांशी चाळा करतोय. कपडे धड रोमन नाहीत, धड तेव्हाचे नाहीत. अंगावर सैल कापड गुंडाळलंय, इतकंच. शस्त्र कुठेही नाही.

हे चित्र कॅथलिक चर्चमधले बडे धर्माधिकारी कार्डिनल देल मोंते यांच्यासाठी काढलेलं. काराव्हाज्जो त्यांच्याच वाड्यात राहायचा. पुढच्याच वर्षी, 1598 साली, रात्री तलवार घेऊन फिरताना पहारेकऱ्यांनी त्याला पकडलं, तेव्हा त्याने जबाब दिला की मी कार्डिनल देल मोंते यांचा चित्रकार आहे, त्यांच्या पदरी आहे. रोममध्ये तलवार बाळगायला परवाना लागायचा आणि बड्या माणसाच्या चाकरीत असणं हाही एक परवानाच होता. 1605 मध्ये त्याला विनापरवाना तलवारीसाठी पुन्हा अटक झाली. त्याच वर्षी घरभाडं थकल्यावर त्याच्या सामानाची यादी केली गेली. त्या यादीत गिटार आहे, व्हायोलिन आहे आणि खंजीरही आहे. मे 1606 मध्ये एका मारामारीत त्याच्या हातून रानुच्चो तोमासोनी नावाचा माणूस मेला आणि त्याला रोम सोडून पळावं लागलं. मेटमध्येच त्याचं 1610चं, म्हणजे अखेरच्या महिन्यांतलं, 'द डिनायल ऑफ सेंट पीटर' आहे. ही दोन चित्रं एकाच भेटीत बघून घ्या. पहिल्यात रेशीम आणि द्राक्षं, दुसऱ्यात अंधार आणि शिरस्त्राण घातलेला शिपाई.

मला हवा होता तो माणूस खरा भेटला व्हॅलेंतां द बुलोन्यच्या चित्रात. हा फ्रेंच, रोममध्ये राहून काराव्हाज्जोच्या वाटेने गेलेला. त्याचा 'ल्यूट प्लेयर' 1625-26च्या सुमाराचा. अंगावर पोलाद चढवलेला तरुण भाडोत्री शिपाई ल्यूट वाजवत प्रेमगीत गातोय. तेव्हा युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं, असे शिपाई गल्लोगल्ली होते. पुढे हे चित्र फ्रान्सच्या कार्डिनल माझारँकडे गेलं.

"मावशी, हा लढाईवरून आलाय की लढाईला निघालाय?" भाचीने विचारलं.

"चिलखत चकाकतंय. निघाला असेल."

"मग गाणं आत्ताच उरकून घेतोय."

काराव्हाज्जोच्या पोरांपेक्षा मला हा जास्त पटतो. ती पोरं कार्डिनलसाठी सजवलेली आहेत. याला मात्र उद्या हुकूम आला की ल्यूट दुसऱ्या कुणाच्या हवाली करावं लागणार.

दालनं फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: या चित्रांतली माणसं ल्यूट वाजवण्यापेक्षा सुरात लावण्यातच जास्त गुंतलेली दिसतात. काराव्हाज्जोचा पोरगा तेच करतोय. फ्रेंच चित्रकार लोराँ द ला इरच्या 1649च्या 'संगीत' या रूपकचित्रातली बाई मोठं, लांब मानेचं ल्यूट लावतेय. डच चित्रकार व्हर्मीरची 1662-63च्या सुमाराची मुलगी एका हाताने खुंटी पिळत खिडकीबाहेर बघतेय, मागे भिंतीवर युरोपचा नकाशा. यामागे जाणकार सुसंवाद, संयम, प्रेमाची मशागत असे अर्थ सांगतात. असतीलही. पण आतड्याच्या तारा, त्यातून बहुतेक जोडीजोडीने लावलेल्या. हवा जरा बदलली की सगळ्या बेसूर होणार. मॅथेसन नावाच्या जर्मन संगीतज्ञाने 1713 मध्ये टोमणाच मारला होता की ल्यूटवाला ऐंशी वर्षं जगला तर त्यातली साठ नक्कीच सूर लावण्यात गेली असणार. मैफल सुरू होण्याआधी तानपुऱ्याची जोडी लागेपर्यंत ताटकळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय, माझ्या मते, चित्रकाराची सोयही असावी. वाजवताना बोटं ठरत नाहीत. सूर लावताना माणूस मान कलती करतो, कान देतो आणि तसाच थांबतो.

तिथून वाद्यांच्या दालनात. इथे 1596 साली ऑग्सबर्गच्या सिक्स्टुस राउखव्होल्फने घडवलेलं ल्यूट आहे. ल्यूटचं फुगीर पोट पातळ पट्ट्या वाकवून, कडेला कड चिकटवून करतात. पट्टीची जाडी एक-दीड मिलिमीटर. खुंट्यांचा भाग मागे जवळजवळ काटकोनात मोडलेला, आणि वरच्या फळीवर नाजूक जाळी कोरलेली. असं वाद्य बहुधा किलोभरही भरत नाही. याच मजल्यावर 1720चा क्रिस्टोफोरीचा पियानो आहे, आज शिल्लक असलेल्यांत सगळ्यात जुना. पण आम्ही त्याच्यासमोर फार रेंगाळलो नाही, कारण भाचीला एव्हाना सज्जातून खालचे चिलखती घोडेस्वार दिसले होते. बॉस्टनच्या ॲपलटनने 1830 मध्ये बांधलेला पाइप ऑर्गन त्या सज्जात उभा आहे. त्याच्याशी थांबलं की वाद्यं आणि शस्त्रं एकाच वेळी दिसतात.

खाली उतरल्यावर मार्गदर्शनाचं काम भाचीने आपणहून घेतलं. रेपियर ही त्या काळच्या शहरी पुरुषाची रोजची, कपड्यांबरोबर मिरवायची तलवार. पातं सरळ, अरुंद, भोसकण्यासाठी. लांबीची स्पर्धा इतकी वाढली की इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथने 1566 मध्ये पात्यावर मर्यादा घातली, आपल्या मापाने सुमारे 103 सेंटिमीटर. वजन किलो, सव्वा किलो. म्हणजे ल्यूटपेक्षा तलवारच जड! भाचीच्या एपेचं वजन नियमाने 770 ग्रॅमच्या आत असतं, त्यामुळे ती त्या पात्यांकडे जरा आदराने बघत होती.

इथला एक रेपियर जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक दुसरा ख्रिश्चन याचा आहे. मूठ 1606ची, इस्राएल शुएखने केलेली, रत्नं आणि बारीक मोती जडवलेली. पातं स्पेनमधल्या टोलेडोच्या हुआन मार्तिनेझचं. मुठीभोवतीची ती वळणावळणांची नक्षी मला शोभेची वाटत होती, पण भाचीने हवेत पकड करून दाखवली.

"हे बघ, पहिलं बोट आडव्या दांडीच्या पुढे जातं. टोक नेमकं वळवता येतं. पण बोट उघडं पडतं ना, म्हणून ही कडी."

एवढं लांब पातं कमरेला बांधून बाकावर बसायचं कसं, हे पाहायला मात्र रोमलाच जायला हवं. सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमधल्या काराव्हाज्जोच्या 'द कॉलिंग ऑफ सेंट मॅथ्यू'मध्ये बाकावर पाठमोरा बसलेला एक तरुण आहे, आणि त्याची तलवार कडेने बाहेर आलेली आहे. ल्यूट मांडीवर घ्यायचं तर ती आधी उतरवावीच लागणार.

शेवटी भारतीय शस्त्रांपाशी आलो. युरोपातली सरळ पाती त्याच काळात जहाजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरत होती, पोर्तुगीजांमार्फत गोव्यातही. त्यांना इथली मूठ बसवली की झाली फिरंग, मराठ्यांची आवडती तलवार. ही पाती रेपियरइतकी काटकुळी नसत. ती लढाईची, रुंद.

कपाटातल्या कट्यारी आणि तलवारी बघताना मी भाचीला फिरंगेची मूठ समजावून सांगितली. पंजा झाकणारी वाटोळी आड, आतून गादी, आणि शेवटाला बाहेर आलेला दांडा. दोन्ही हातांनी घाव घालायचा तर दुसऱ्या हाताने तो धरायचा. ती विचारात पडली.

"मग बोट पुढे कुठून काढायचं?"

"काढायचं नाही. पूर्ण मूठ आवळायची. घोड्यावरून भोसकायचं कमी, तोडायचं जास्त."

"म्हणजे पातं त्यांचं आणि खेळ आपला," ती म्हणाली, आणि कट्यारीची आडवी मूठ कशी धरतात ते विचारायला लागली.