आमची वाटचाल : तारखेकडून तिथीकडे

मालवण तालुक्यात कर्लीच्या खाडीकाठी, माडा-पोफळीच्या वाडीत चार खोल्यांचं घर एवढाच आमचा व्यवसाय. वर्षभर पाहुणे येतात, पण आमचं खरं काम २६ डिसेंबर ते २ जानेवारी या आठवड्याचं. या दिवसांत येणारे बरेचजण एकच गोष्ट मागतात: सरलेल्या वर्षाकडे जरा शांतपणे बघायचंय. हा आठवडा कसा बसवला, काय चुकलं आणि का, ते इथे मांडतो आहोत.

सुरुवातीचा आमचा कार्यक्रम तीन रात्री आणि अकरा ठिकाणांचा होता. सिंधुदुर्ग किल्ला, देवबागचा संगम, धामापूरचा तलाव, कुणकेश्वर, सावंतवाडी, सगळंच. नकाशावर ही अंतरं किरकोळ दिसतात. डिसेंबरअखेरीस मात्र मालवणातले अरुंद रस्ते तुंबतात आणि किल्ल्याच्या होडीसाठी धक्क्यावर रांग लागते. दिवसाचे तीन-चार तास गाडीत आणि रांगेत जायचे, संध्याकाळी माणूस थकून झोपायचा. विचार करायला आलेल्या पाहुण्याला विचार करायला वेळच उरत नव्हता. आता आम्ही चार रात्रींहून कमी मुक्काम घेत नाही आणि दिवसाला बाहेरचं एकच काम ठेवतो. पहिला दिवस पूर्ण मोकळा. प्रवासाचा शीण उतरल्याशिवाय पुढचं काही अंगी लागत नाही. रिकामा वेळ खोलीसारखाच आधी राखून ठेवावा लागतो.

ते बाहेरचं एक काम कधी करायचं, हे घड्याळ नाही, तिथी ठरवते. कोकणात भरतीचा हिशेब तोंडी होतो: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. पुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. दोन्ही पंधरवड्यांना हाच नियम लागतो. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्याआधी भरतीचं छापील कोष्टकही पाहावं.

खाडीत कांदळवन बघायला होडी काढायची तर पूर्ण भरतीच्या दीड तास आधी. चढत्या पाण्याबरोबर आत जायचं आणि पाणी फिरलं की त्याच्याच जोरावर परत यायचं. वल्ह्याला श्रम कमी, इंजिन लागत नाही, आणि इंजिन नसलं की खंड्या फांदीवरून उडत नाही. वेळ चुकली तर होडी चिखलात रुतते. उतरून ढकलायला जावं तर कालवांच्या धारदार कवचांनी पाय कापतात. याच्या उलट, कांदळवनातल्या तिवर या झाडाची मुळं बघायची तर ओहोटीलाच जावं आणि बांधावरून चालत जावं. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली ही मुळं हवा घेतात, भरतीला ती पाण्याखाली असतात. तिवराच्या पानाला जीभ लावली की खारट लागतं, कारण झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळाची कमानीसारखी आधारमुळं आणि झाडावरच रुजून शेंगांसारखे लोंबणारे अंकुर होडीतून नीट दिसतात. म्हणून चार दिवसांत एकदा होडी आणि एकदा बांध.

सकाळचा वेळ आम्ही कशालाच देत नाही. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे गार मतलई वारा असतो, तो उन्हं तापेपर्यंत टिकतो, मग खारा वारा सुटतो आणि दमट होतं. सात ते नऊ हे दोन तास खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसण्याचे. खळं शेणाने दर आठ दिवसांनी सारवतो. पाहुणे यायच्या किमान दोन दिवस आधी सारवण व्हायला हवं, नाहीतर दव पडून ते ओलसर राहतं आणि चटया खराब होतात. पाट, चटई, कोरी वही, कोरा चहा. वही आधी रात्री जेवणानंतर देत होतो, तेव्हा बहुतेक वह्या कोऱ्याच परत यायच्या. पोट भरलेलं आणि हातात फोन, लिहिणार कोण? सकाळी खोलीबाहेर पडताना वही हाती दिली आणि फोन खोलीतच ठेवायला सांगितलं की पानं भरतात.

झोपाळा माडांना बांधत नाही. सुका नारळ किंवा झावळ डोक्यात पडली तर जिवावर बेतू शकतं. डिसेंबरच्या मध्यावर माडावर चढणाऱ्या पाडेल्याकडून वाटेवरच्या सगळ्या माडांचे नारळ उतरवून घेतो, आणि झोपाळे फणसाला किंवा आंब्याला. त्याच आंब्यांना या सुमारास मोहोर फुटू लागतो. मोहोरावर फवारणी चालू असलेल्या बागेत पाहुण्यांना नेत नाही, मग ते कितीही म्हणोत.

स्वयंपाकघरात डिसेंबरचा गारवा आंबोळीला छळतो. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी हे प्रमाण बारा महिने तेच. मे महिन्यात पीठ सात-आठ तासांत फुगतं, डिसेंबरात बारा ते चौदा तास लागतात. म्हणून सकाळी दहाला भिजत घालायचं, पाचला वाटायचं, टोप चुलीच्या उबेला ठेवायचा आणि मीठ सकाळी घालायचं. सहा वाट्या तांदळाच्या पिठात बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) तव्यावर पंचवीसेक आंबोळ्या होतात, आठ माणसांना पुरतात. सोलकढीला सहा पेल्यांमागे एक मोठा नारळ आणि तीन-चार चमचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. आगळात मीठ असतंच, त्यामुळे चाखल्याशिवाय वरून मीठ नको. नारळाचं दूध कोमट पाण्याने काढलं असेल तर पूर्ण गार होऊ द्यावं, नाहीतर आगळ पडताच ते फाटतं. मासळीत सुरमईचा भाव या आठवड्यात चढतो. आम्ही बांगडा आणि तिसऱ्या (शिंपल्या) वाढतो. त्या ताज्या असतात, आणि ताजा बांगडा शिळ्या सुरमईहून केव्हाही चांगला.

दशावतार, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारं इथलं लोकनाट्य, याची गोष्ट निराळी. गावोगावच्या जत्रा कार्तिक पौर्णिमेपासून सुरू होतात आणि प्रत्येक गावाची तिथी ठरलेली असते. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात दरवर्षी वेगळ्या तिथी पडतात, म्हणून यंदा कोणत्या गावची जत्रा मिळेल ते गणेशचतुर्थीच्या आतच पंचांग उघडून पाहावं लागतं आणि त्या गावात जाऊन खातरजमा करावी लागते. एके काळी अंगणात दोन तासांचा प्रयोग ठेवून पाहिला. कलाकार तेच, तरी त्यात जीव नव्हता. देवळासमोर, पालखीच्या प्रदक्षिणेनंतर, मध्यरात्री सुरू होऊन पहाटे दहीकाल्याने संपणाऱ्या खेळाचा तो तुकडा होता, आणि तुकड्यात ती रात्र येत नाही. आता फक्त जत्रेला नेतो.

तयारी अशी. दुपारी झोप सक्तीची. दव पडतं, म्हणून शाल, कानटोपी आणि बसायला चटई. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या जागी रचतात आणि गद्यात मालवणी मिसळते, त्यामुळे आख्यानाची गोष्ट आधी सांगून ठेवतो. गोष्ट ठाऊक नसली की एकच्या पुढे माणूस पेंगतो. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर येतात. तो भाग चुकवू नये. नट आपापला रंग स्वतः लावतात, स्त्रीपात्रं पुरुषच करतात. रंगपटात, म्हणजे नट रंगतात त्या जागेत, डोकवायचं तर विचारून, आणि रंग चढत असताना फोटो नको. झोत असलेले कॅमेरे अजिबात नकोत.

सगळ्यात जपून करायची गोष्ट म्हणजे गाऱ्हाणं. गावकर किंवा गुरव देवापुढे उभा राहून दुसऱ्याच्या वतीने बोलतो, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरू करतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक ‘होय म्हाराजा’ म्हणतात. काय घडलं, कुठे चुकलं, पुढे काय हवं, हे एका दमात देवाच्या कानी घातलं जातं. कुणी मागितलं तरच आम्ही नेतो, तेही कार्यक्रम म्हणून नाही. एक नारळ, विडा, ऐपतीप्रमाणे दक्षिणा, सकाळी साडेदहाच्या आत.

अडचण कुठे येते, तर गाऱ्हाणं घालणाऱ्याला सांगायचं काय इथे. पाहुण्यांची यादी पंधरा कलमांची असते: घर, बढती, मुलाचं कॉलेज, आईचे गुडघे. गाऱ्हाण्यात एवढं मावत नाही. आम्ही सांगतो, दोन वाक्यं आणा. एक झालेल्या वर्षाचं, एक येणाऱ्याचं. खळ्यातल्या वहीचं काम हेच. तीन सकाळी लिहून खोडून लोक चौथ्या दिवशी दोन वाक्यांपाशी येतात. पंधरातली तेरा कलमं वहीत उरतात, आणि आमच्या मते वर्षाअखेरीचं काम तिथेच होतं. देवळात चित्रीकरण नाही. देव न मानणारे पाहुणेही येतात. त्यांना कुणी आग्रह करत नाही, दोन वाक्यं मात्र तेही लिहितात.

यायचं तर बहुतेकजण कोकण रेल्वेने कुडाळला उतरतात. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २७ डिसेंबरच्या गाडीचं २८ ऑक्टोबरला. आधी तिकीट, मग आमच्याकडे खोली, हा क्रम पाळावा.

येत्या २०२६ चा ३१ डिसेंबर मार्गशीर्षातल्या गुरुवारी येतो आहे. इथल्या बऱ्याच घरांत त्या दिवशी मासळी शिजत नाही, आमच्याकडेही शिजणार नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, तिरफळं घातलेलं खतखतं आणि सोलकढी. तिथी वद्य अष्टमी, म्हणजे भरती संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि सूर्यही त्याच सुमारास, सहा वाजून दहा मिनिटांच्या आगेमागे मावळणार. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असल्याने पाण्याला ओढ कमी. होडी साडेचारला काढू. पाणी फिरेपर्यंत आत थांबू आणि अंधाराच्या आत धक्क्याला लागू.